बोडीच्या लग्नाला मामा आला नाही

कोसमटोला, पोस्ट गोंडपिपरी, जिल्हा चांदा
वैशाख वद्य चतुर्थी, सन १९५७

खात्याखात्यांत मेळ घालणाऱ्या चांद्याच्या साहेबांस कोसमटोल्याच्या एका अर्जदार बाईचा कमरेत वाकून नमस्कार. आणि माझा धाकटा भाऊ चिरंजीव भैयाजी यास त्याच्या थोरल्या बहिणीचा, बाईचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. तुम्ही दोघेही एकाच खुर्चीवर बसता असं ऐकते, म्हणून दोघांना एकाच पाकिटात घातलं आहे. नमस्कार साहेबांनी घ्यावा, आशीर्वाद तू घे, आणि पुढे जिथं जिथं बोलणी बसतील ती कोणी खायची ते तुम्ही आपसांत मेळ घालून ठरवा.

तुझी तब्येत कशी आहे? बसून खाल्लेलं तुला लहानपणापासून पचत नाही आणि सरकारनं तुला नेमकी बसायचीच नोकरी दिली आहे, तेव्हा जेवण झाल्यावर कचेरीला दोन फेऱ्या मारत जा (फायली फिरतात तेवढं तरी साहेबांनी फिरावं). इकडे सर्व खुशाल. तुझे भाऊजी बरे आहेत, बोलत नाहीत एवढंच, पण ते लग्न झाल्यापासूनच बोलत नाहीत. मनकर्णा आजी होती तशीच आहे. वय विचारलं की ‘बोडी बांधली तवा मी मायच्या पोटात होती’ असं सांगते, आणि बोडी कधी बांधली ते गावात कोणालाच ठाऊक नाही. हे पत्र कोणा मास्तराकडून लिहवून घेतलं असेल असं मनात आणू नकोस. तू एकटा शाळेत जायला भोकाड पसरायचास म्हणून आबांनी मला तुझ्या सोबतीला बसवलं आणि त्या नादात मी चौथी झाले, हे तू साहेब झाल्यावर विसरला असशील. मी नाही विसरले.

तुझं कार्ड पोचलं. मी तुला लग्नाचं आवतण धाडलं होतं, हळदीच्या बोटांसकट. त्यावर तुझं उत्तर आलं की आपले निमंत्रण मिळाले, ते उचित कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठवण्यात येत आहे. भैयाजी, सख्ख्या बहिणीच्या आवतणाची उचित कार्यवाही म्हणजे टोपी घालून गाडीत बसणं, एवढंही तुला त्या कचेरीत कोणी शिकवलं नाही का? खाली बारीक अक्षरात तू शाईनं लिहिलं आहेस की बाई, आपलंच गाव आहे, मी त्यात पडलो तर लोक पक्षपात म्हणतील. ते मी तीनदा वाचलं. तू सरळ माणूस आहेस हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण सरळपणा असावा तो बैलाच्या जूसारखा, दोघांना बांधणारा. तुझा सरळपणा तुला एकट्यालाच लांब नेऊन बसवतो. असो, लग्न कसं झालं ते सगळं सांगते, म्हणजे तू काय गमावलंस ते तुला कळेल.

आधी बोडीचं, आपल्या गावतळ्याचं, सांगायला हवं. तू म्हणशील, बाई, बोडी फुटली ते मला माहीत आहे, कागदावर आहे. कागदावर आहे रे, पण कागदावरच्या बोडीनं धान पिकत नाही. गेल्याच्या आदल्या श्रावणात बोडीच्या मातीच्या पाळीला खिंडार पडलं, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं, आणि पाण्याबरोबर तुडूमही वाहून गेलं (साहेबांसाठी खुलासा: ज्या लाकडी दारातून बोडीचं पाणी धानाच्या बांधीत सोडतात ते तुडूम, भैयाजीनं त्यावर बसून मासे धरलेले आहेत). त्या वर्षी धान लोंबीत आलं आणि तसंच वाळलं. गेल्या वर्षी पाणी धरलंच नाही, तर अर्ध्या गावाचा रोवणा झाला नाही. आता आपल्या शेजारचा मुखरू, तोच ज्यानं तुला पोहायला शिकवलं, दिवाळीपासून म्हणून राहिला आहे की औंदा मृगाच्या आत पाळ झाली नाही तर बल्लारशाच्या खदानीत जातो. नुसता म्हणत नाही. सुगंधाबाईनं, त्याच्या बायकोनं, गाठोडं बांधून दारामागं ठेवलं आहे. मी एक दिवस मुखरूला विचारलं, तर म्हणाला, “बाई, बोडीत पानी राह्यलं तं मी राह्यलो. पानीच नाई तं मी इथी काऊन राहू?” त्याच्यामागं आणखी पाच-सात घरं त्याच्याच तोंडाकडं बघून बसली आहेत. भैयाजी, थट्टा बाजूला ठेवून सांगते, मला गाव रिकामं होण्याची भीती वाटते. रोवण्याच्या वेळी चिखलात उभं राहून ज्या बायकांबरोबर मी गाणी म्हटली त्या कोळशाच्या टोपल्या वाहतील, हा विचार आला की मला जेवण जात नाही.

आता तुझी खाती. मालगुजार होता तोवर बोडी फुटली की गाव त्याच्या ओसरीवर जाऊन ओरडायचं आणि तो गावावर ओरडायचा, आणि त्या ओरडाओरडीत पाळ बांधून व्हायची. मालगुजारी गेली, बरं झालं, पण ओरडायचं कोणावर तेच कळेना. सरकारवर ओरडावं तर सरकार एक नाही. बोडी पाटबंधाऱ्याची, बोडीपलीकडचं माती-मुरमाचं टेकाड जंगल खात्याचं, आणि टेकाड कुठं संपतं नि बोडी कुठं सुरू होते हे सांगणारा नकाशा तहसिलीचा. नकाशा पूर्वी नागपुरास होता. मग राज्य बदललं. तेव्हा तो भोपाळला गेला की मुंबईला, यावर नायब तहसीलदार साहेबांचं अजून मत होत नाही (कोसमटोला मात्र कुठंही गेला नाही, जिथं होता तिथंच आहे, पाहिजे तर येऊन बघावं).

तिघंही साहेब बोडी पाहायला आले. पण एकत्र नाही. आधी ओव्हरसियर साहेब आले. हे तिकडचे, सातारकडचे, नवीन राज्याबरोबर इकडे आलेले. फार तळमळीचे गृहस्थ. खिंडारात उतरून त्यांनी मातीचा वास घेतला आणि म्हणाले पाळ उद्या बांधून देतो, फक्त जंगलवाल्यांनी मुरूम नि तुडुमाला लाकूड द्यावं. मग रेंजर साहेब आले, जंगल खात्याचे. त्यांच्या मिशा तू पाहिल्याच असतील. म्हणाले मुरूमही देतो, लाकूडही देतो, माझी काय हरकत आहे, फक्त टेकाड कोणाचं ते तहसिलीनं लिहून द्यावं. मग नायब साहेब आले आणि म्हणाले लिहून देतो, फक्त बोडीची दुरुस्ती मंजूर झाल्याचं पाटबंधाऱ्यानं आधी लिहावं. तिघंही माझ्याच घरी जेवले. तिघांचीही काहीच हरकत नव्हती. एवढी बिनहरकत माणसं मी जन्मात पाहिली नाहीत, आणि माझ्या कोंबड्या मात्र संपत आल्या.

मग तुझी नेमणूक झाली. गावानं नारळ फोडला, खोटं नाही सांगत. तू चांद्याहून परिपत्रक काढलंस की तिन्ही खात्यांनी गोंडपिपरीस एकत्र बसून विचार करावा. बैठक दोनदा झाली. पहिल्या वेळी बोलावण्याचा कागद नायब साहेबांच्या सहीनं निघाला, तर रेंजर साहेब म्हणाले मी काय तहसिलीचा चपराशी आहे? दुसऱ्या वेळी तुझ्या कचेरीतून कागद निघाला, पण त्यात ओव्हरसियर साहेबांचं नाव तिसऱ्या जागी होतं. ते आले, पण बैठकीत बसले नाहीत, बाहेर निंबाखाली बसून राहिले. आम्ही गावकरी भिंतीशी उभे होतो. मी हे सगळं बघत होते आणि मला एकदम माझ्या मधल्या नणंदेचं लग्न आठवलं. त्यात मुलाचा चुलता असाच बाहेर निंबाखाली बसला होता, कारण त्याला पाय धुवायला पाणी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. मी म्हटलं, अरे, ही काही खाती-बिती नाहीत. हे सोयरे आहेत. सोयऱ्यांचं काय करायचं ते मला कळतं. तीन नणंदा उजवल्या आहेत मी.

त्याच आठवड्यात मनकर्णा आजीनं बाकीचं जुळवून दिलं. तुला आठवत असेल, बोडीच्या मधोमध बिजाच्या लाकडाचा खांब होता आणि आपण पोहत जाऊन त्याला शिवून यायचो. तो नुसता खांब नव्हे, तो बोडीचा नवरा. बोडी नवी खोदली की तिचं लग्न लावायचं, मग तिचं पाणी प्यायचं, ही आपल्याकडची चाल तू कचेरीत विसरला असशील. तर तो खांब कुजून पडला आणि पुढच्याच पावसात पाळ फुटली. आजी ओट्यावर बसून अगदी साधेपणानं म्हणाली, “बोडीचा नवरा मेला. आता थे कोनासाठी पानी धरून ठेवीन?” कोणी म्हणालं, मग पाट लावू, दुसरेपणाच्या लग्नाला थाटमाट कशाला, अंधारात दोन माणसं जाऊन उरकून येतील. मी म्हटलं, अंधारात साहेब येत नाहीत. वाजतगाजत लग्न लावायचं, उजेडी, अक्षय तृतीयेला, आणि सगळ्यांना आवतण द्यायचं.

कोणाला फसवलं नाही बरं, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते. आवतणात स्वच्छ सांगितलं होतं की लग्न बोडीचं आहे. पण आवतण परिपत्रकासारखं पाठवलं नाही. बुधू कोतवाल पिवळे तांदूळ घेऊन एकेकाच्या दारात गेला, उंबऱ्यावर तांदूळ ठेवले आणि प्रत्येकाला सांगितलं की पहिलं आवतण तुमचंच (सोयऱ्यांना हेच सांगायचं असतं, आणि सोयऱ्यांनाही ते ठाऊक असतं, तरी बरं वाटतं). मग आदल्या दिवशी प्रत्येकाला आणायला वेगळी दमणी, वेगळे बैल, बैलांच्या शिंगांना वेगळे गोंडे. मान आधीच वाटून टाकले होते. नवरदेव लाकडाचा, लाकूड जंगलाचं, म्हणून रेंजर साहेब वरबाप. ओव्हरसियर साहेब मुलीचे बाप व्हायचे, पण कन्यादानाला जोडा लागतो आणि त्यांचं कुटुंब सातारला. तेव्हा कन्यादान तुझ्या भाऊजींनी नि मी करायचं ठरलं आणि ओव्हरसियर साहेब झाले मुलीचे काका. काकाचा मान बापापेक्षा मोठा असतो हे मी त्यांना दोन कप चहात पटवलं. नायब साहेब मध्यस्थ, अंतरपाट धरायला, कारण दोघांच्या मधे काहीतरी धरून उभं राहायची त्यांना सवय आहे. आणि मी मुलीची आई म्हटल्यावर मुलीचा मामा कोण, हे सांगायला परिपत्रक लागू नये.

वरबाप म्हटल्यावर रेंजर साहेबांमध्ये काय फरक पडला म्हणून सांगू! बुधूनं नुसतं विचारलं की नवरदेव आम्ही बाजारातून विकत आणावा काय, तर ते ताडकन उठले. म्हणाले वरबाप जिवंत असताना नवरदेव बाजारात मिळतो काय? आणि लग्नाच्या दिवशी सकाळी डेपोतून बिजाचा सरळसोट खांब हळद लावून, मुंडावळ्या बांधून स्वतःच्या दमणीच्या मागं घेऊन आले. त्या खांबाला परवाना होता की नाही ते मी विचारलं नाही. नवरदेवाला कोणी असं विचारतं का?

गोंडपिपरीहून इब्राहीमभाई बँडवाले आपली माणसं घेऊन आले होते. तेच ते, त्यांना तीनच चाली येतात पण तिन्ही दणक्यात येतात. आसपासच्या टोल्यांवरून माणसं आली, गोंड भाऊ ढोल घेऊन आले. जोशी महाराज आले. अंतरपाट धरला. तुझ्या जागी, म्हणजे मामाच्या जागी, कोणीच नव्हतं, तर मी पेटीतून तुझी शाळेतली काळी टोपी काढली, पदरावरून डोक्यावर घातली आणि मामा म्हणून उभी राहिले. मग पदर सावरून आई म्हणून. दोन्ही मान एकटीनं सांभाळले. लोक हसले. हसू दे.

आणि मग अडलं. चाल अशी आहे की नवरदेवानं नवरीभोवती पाळीवरून फेरा घालायचा आणि मगच पाण्याच्या जागी उतरायचं. पाळीवरूनच, खाली पाय टेकायचा नाही. वरात निघाली, बँड वाजला आणि खिंडाराशी येऊन थांबली. वरबाप अलीकडे, मुलीचे काका पलीकडे. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मनकर्णा आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, मंगलाष्टकं सुरू करा आणि ज्याची त्यानं अक्षता टाका, बोडीच्या लग्नात अक्षता मातीच्याच असतात. (हे मला आधीपासून ठाऊक होतं काय असं तू विचारशील. मी मुलीची आई होते. मुलीच्या आईला सगळंच आधीपासून ठाऊक असतं.)

पहिली टोपली वरबापाची. बुधूनं टेकाडाच्या बाजूनं, म्हणजे जंगल खात्याच्याच बाजूनं, ती भरून हातात दिली आणि रेंजर साहेबांनी मिशीवर ताव देऊन खिंडारात टाकली. दुसरी काकांची. मग सगळ्या वऱ्हाडाच्या. मुखरूनं दहा-बारा माणसं टेकाडावर खणायला लावली, बायकांनी रांग धरली आणि टोपल्या हातोहात येऊ लागल्या. जोशी महाराजांची आठही अष्टकं संपली तेव्हा खिंडाराचा तळसुद्धा झाकला नव्हता. ‘सावधान’ म्हणावं तर लग्न लागलं, आणि लग्न लागलं तर अक्षता थांबल्या. महाराजांनी कळवळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. मग गणपतीची, मग रामाची, मग व्याकरणात असतील-नसतील ती सगळी सुभाषितं मंगलाष्टकांच्या चालीवर म्हटली. दुपारनंतर तर मला वाटतं ते पंचांगच गात होते. नायब साहेब तोवर अंतरपाट धरून उभे. हात भरून आले की म्हणायचे, संपलं का, आणि कोणीतरी त्यांच्या तोंडात गुळाचा खडा घालायचं.

ओव्हरसियर साहेबांचं मात्र वेगळंच झालं. आधी ते काकाच्या रुबाबात बसले होते. पण माती नुसती ढिगानं पडते आहे हे त्यांना बघवेना. आधी बसल्या जागी चुळबुळले, मग उभे राहिले, मग कोट काढून सरळ खिंडारात उतरले. थर थर टाका, पाणी शिंपडा, तुडवा, नाहीतर पहिल्याच पावसात बसेल, असं ओरडू लागले. तुडवायला माणसं कुठून आणायची? तर त्यांनीच इब्राहीमभाईंना खाली बोलावलं आणि वाजवा म्हणाले. बँड खिंडारात उतरला, ढोल उतरले, आणि गोंड पोरी-पोरं हातात हात धरून ओळीनं त्या ओल्या मातीवर नाचू लागली. एक थर टाकायचा, एक चाल वाजवायची. ओव्हरसियर साहेब टाचेनं दाबून बघायचे आणि म्हणायचे, अजून एकदा, जरा जड चाल घ्या. इब्राहीमभाई मला नंतर म्हणाले, “बाई, मी हजार लगन वाजवले, पन जमीन पक्की कराले मले कोनी आजपर्यंत बोलवलं नाई.” उन्हं उतरली तेव्हा रेंजर साहेबांच्या मिशीला चिखल लागला होता, नायब साहेबांनी अंतरपाटाची झोळी करून तीतून माती वाहिली होती, आणि पाळ सलग दिसत होती. नवरदेवाचा फेरा पूर्ण झाला, महाराजांनी घोगऱ्या आवाजात ‘सावधान’ म्हटलं आणि बोडीच्या मधोमध खांब उभा राहिला. भैयाजी, मी रडले. मुलीच्या आईनं रडायचं असतंच, पण मी खरीखुरी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर साहेब एकटेच माझ्या ओसरीवर आले आणि हळूच म्हणाले की बाई, त्या पहिल्या टोपलीचं कुठं बोलू नका, मुरूम माझ्याच जंगलातला, परवानगी माझीच नव्हती. मी चहा ठेवते तोवर ओव्हरसियर साहेब आले. मंजुरीआधी काम केलं म्हणून त्यांची झोप उडाली होती. त्यांच्यामागून नायब साहेब आले. हद्द ठरण्याआधीच त्यांनी दोन्ही बाजूंची माती अंतरपाटात एक केली होती. तिघं एकमेकांना बघून आधी दचकले. मग बसले. आणि मग, भैयाजी, तुझ्या दोन परिपत्रकांनी जे झालं नाही ते माझ्या ओसरीवर एका चहात झालं. तिघांनी मिळून एकच कागद केला की कोसमटोल्याच्या लोकांनी श्रमदानानं पाळ बांधली, मुरूम अमक्या टेकाडाचा, टेकाड अमक्या हद्दीतलं, आणि तुडुमासाठी लागणारं सागवान द्यावं. तिघांनी एकाखाली एक सह्या केल्या. कोणाचं नाव वर नि कोणाचं खाली हे कोणीच बघितलं नाही. एका गुन्ह्यातली माणसं किती गुण्यागोविंदानं वागतात हे तुझ्या खात्यानं एकदा अभ्यासावं.

असो. आता हात दुखून आला. तुझी मुलं अभ्यास करतात ना? वहिनीला सांग, मोहाची फुलं वाळवून ठेवली आहेत, येणाराजाणारा मिळाला की पाठवते. पत्रातला मजकूर साहेबांनी वाचून फाडून टाकावा, भैयाजीनं जपून ठेवावा. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना मुका, आणि तुला जे काही वर मधे मधे दिलं आहे ते पुरेसं आहे.

तुझी बाई,
धुरपता

ता. क. तो कागद सोबत जोडला आहे. खाली चौथ्या सहीची जागा मोकळी आहे. सगळ्यांचा मेळ झाल्याचं लिहून सही करायची ती तुझी, असं तिन्ही साहेब म्हणतात, तोवर सागवान डेपोतून हलणार नाही. पक्षपाताचं म्हणशील तर माझा निर्णय झाला आहे. मामानं पक्षपात करायचा नाही तर मग मामा ठेवायचा कशाला? मामानं नवरीला आहेर करायचा असतो. तिला लुगडं नको, तुडूम पाहिजे.

आणखी एक. लग्नाच्या दिवशी तुझ्या नावाची एक टोपली मी माझ्या हातानं खिंडारात टाकली, टोपी घालून, सगळ्या वऱ्हाडासमोर. म्हणजे परवानगीशिवाय माती टाकलेल्यांत आता तूही आलास. साहेबांनी याची नोंद घ्यावी.

पुन्हा आणखी एक, आणि हे थट्टेनं घेऊ नकोस. पाळ सलग झाली असं वर लिहिलं ते फेऱ्यापुरतं खरं आहे. तुडुमाची जागा ओव्हरसियर साहेबांनी उघडी ठेवली आहे, वर दोन फळ्या टाकून. माणूस वाकून जाईल एवढीच आहे, पण मृगाचं पाणी आलं तर तिथूनच निघेल आणि शेजारच्या सगळ्या अक्षता घेऊन जाईल. साहेब म्हणाले, तेवढी जागा मामाची. तेव्हा सही तिथं बसून पाठवू नकोस. सागवान घेऊन ये, एक टोपली स्वतः टाक, मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

शेवटचं. काल सुगंधाबाईकडे गेले होते. तिनं गाठोड्यातून तवा बाहेर काढला आहे आणि चुलीवर ठेवला आहे. बाकी गाठोडं दारामागंच आहे, गाठ मारलेली. मी विचारलं तर म्हणाली, भैयाजी येईन तवा सोडीन.